प्रतिसाद: आनंद मिळाल्यावर ओढ संपायला नको का?

वर विचारलंय, ख्रिस्ती माणसाला देव भेटला असेल तर तो पुन्हा तळमळतो कशाला? मला वाटतं ओढ आणि आनंद एकामागून एक येतात असं धरल्यामुळे हा पेच पडतो. बायबलमधल्या बेचाळिसाव्या स्तोत्रातली हरिणी पाण्यासाठी लुलपते, म्हणजे तहानेने तळमळते. आता ते स्तोत्र शेवटपर्यंत वाचा. पाणी मिळाल्याचं कुठेच लिहिलेलं नाही. तरी गाणारा स्वतःच्याच जिवाला समजावतो, की देवाची आशा धर, मी त्याचं स्तवन पुन्हा करीन. ख्रिस्ताचा प्रेषित पौल याने फिलिप्पैकरांना, म्हणजे फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला, ‘आनंद करा’ असं लिहिलं तेव्हा तो बंदिवासात होता, हेही विसरू नये.

ठाण्यात तलावपाळीला राहणाऱ्यांनी आगमनकाळात सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चमध्ये जरूर डोकावावं. नाताळाआधीचे चार रविवार वाट पाहण्याचे, मेणबत्त्यांचा रंग जांभळा. पण तिसऱ्या रविवारी मधेच गुलाबी मेणबत्ती, कारण तो आनंदाचा रविवार! नाताळ अजून आलेला नसतो, तरी.

आपल्याकडे हे नवं वाटायचं कारण नाही. वारीला निघालेला माणूस पंढरी दिसायच्या आधीच नाचतो. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले ना. वा. टिळक तर सांगत, की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. (त्यांना नुसते ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून पाठ्यपुस्तकात बसवलं, हे माझं जुनं दुखणं.) त्यांच्या भजनांत विरह आणि तृप्ती एकाच ओळीत नांदतात, आणि उपासनेत ती अजूनही टाळ्या वाजवत म्हटली जातात.