लाइन फॉलोअर (रेघेवरून चालणारा रोबो) वर्गात पळतो, हॉलमध्ये भरकटतो. नाशिकच्या विभागीय फेरीआधी काय दुरुस्त करावं?

तापीकाठ_लॅब

नमस्कार. शिरपूर तालुक्यातल्या शाळेची आठवी-नववीच्या चार मुलांची टीम आहे, मी त्यांची विज्ञान शिक्षिका. अटल टिंकरिंग लॅबमध्ये लाइन फॉलोअर बनवलाय. बारा दिवसांनी नाशिकला विभागीय फेरी. नियम: रोबो २० × २० सेंमीच्या आत, बॅटरी १२ व्होल्टच्या वर नको, पांढऱ्या फ्लेक्सवर ३ सेंमी रुंद काळी रेघ, काटकोनी वळणं, एका ठिकाणी रेघ ५ सेंमी तुटलेली. दोन फेऱ्या, त्यातली चांगली वेळ धरणार.

सामान: आर्डुइनो नॅनो (छोटा कंट्रोलर बोर्ड), एल२९८एन ड्रायव्हर (मोटरी चालवणारा बोर्ड), ६ व्होल्ट ६०० आरपीएमच्या दोन एन२० मोटरी, ४३ मिमी चाकं, आठ सेन्सरची अ‍ॅनालॉग आयआर (इन्फ्रारेड) पट्टी, १८६५० चे दोन लिथियम सेल. नॅनोला ५ व्होल्ट एल२९८एनच्याच पिनवरून दिलेत.

अडचणी अशा. वर्गात काळ्या टेपवर छान चालतो, पण हॉलमध्ये दुपारी तीननंतर खिडकीजवळ रेघ सोडून सरळ निघून जातो. दहा मिनिटांनी वेग पडतो आणि मग काटकोन चुकतो. आणि काटकोनातच कधी कधी आर्डुइनो रीसेट होतो, रोबो पुन्हा कॅलिब्रेशन (सेन्सरचे काळ्या-पांढऱ्याचे आकडे मोजणं) करत बसतो. पोरं रोज केपी-केडी (रेघेवर परत किती जोरात वळायचं ते ठरवणारे कोडमधले आकडे) बदलतायत. नेमकं कुठे हात घालावा?

सोल्डर_जळगाव

मॅडम, केपी-केडी आहेत तिथेच राहू द्या. तीनपैकी दोन अडचणी सप्लायच्या आहेत, एक उजेडाची. पीआयडी (त्या आकड्यांवर चालणारा वळवण्याचा हिशोब) बिचारं निर्दोष आहे.

रीसेट आधी. एल२९८एन बोर्डावर ७८एम०५ रेग्युलेटर असतो. त्यातून नीट ५ व्होल्ट निघायला आत साधारण ७ व्होल्ट जावे लागतात. दोन सेल पूर्ण भरलेले असताना ८.४ देतात, थोड्या वापरानंतर ७.४, आणि मोटरींनी ओढलं की त्याहूनही खाली बसतात. मग ५ ची लाइन कोसळते आणि नॅनोवरची चिप २.७ च्या आसपास स्वतःला रीसेट करते. काटकोनातच का? कारण तिथे तुम्ही एक चाक एकदम उलटं फिरवत असणार. पुढे पळणारी मोटर अचानक उलटी केली की ती जाम झालेल्या मोटरपेक्षाही जास्त करंट घेते.

उपाय असा करा. एमपी१५८४ चा छोटा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारा बोर्ड) थेट बॅटरीवर लावा. त्याचा स्क्रू फिरवून मल्टिमीटरवर ५.० दिसेपर्यंत पुढे काहीही जोडू नका. कारखान्यातून तो कितीवर सेट होऊन येईल याचा भरवसा नसतो. मग एल२९८एनवरचा ५ व्होल्टचा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) काढा. जंपर काढल्यावर ती ५ व्होल्टची पिन बाहेर देत नाही, आत घेते. बकचे ५ व्होल्ट नॅनोच्या ५ व्होल्ट पिनला आणि या पिनला, दोन्हीकडे द्या. जंपर तसाच ठेवून बाहेरून ५ दिले तर दोन सप्लाय एकमेकांशी भांडतात. ग्राउंड सगळ्यांचा एकच.

ड्रायव्हरच्या इनपुटवर ४७० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर, पट्टीवाला पाय मायनसला. प्रत्येक मोटरच्या दोन टोकांवर १०४ नंबरचा सिरॅमिक कपॅसिटर, मोटरलाच सोल्डर केलेला. तारेच्या दुसऱ्या टोकाला लावला तर निम्मा उपयोग. आणि कोडमध्ये दिशा उलटण्याआधी २०-३० मिलिसेकंद ब्रेक.

वेग पडण्याचं कारणही तिथंच आहे. एल२९८एन जुन्या ट्रान्झिस्टर पद्धतीचा, दीड-दोन व्होल्ट स्वतःच खातो. ७.४ मधून मोटरला साडेपाच पोचतात, सेल उतरले की आणखी कमी. टीबी६६१२ ड्रायव्हर घ्या, तो १ अँपिअरला अर्ध्या व्होल्टच्या आसपास खातो. त्यात एसटीबीवाय नावाची पिन ५ व्होल्टला जोडायची राहिली तर मोटर हलतच नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तीन सेल लावायचा मोह नको: भरल्यावर १२.६ होतात, तपासणीच्या टेबलावरच बाद.

गिरणाकाठचा_आयआर

उजेडाचं मी घेतो. या पट्टीत पांढऱ्यावर किरण परत येतात, फोटोट्रान्झिस्टर चालू होतो, आकडा खाली जातो. काळ्यावर आकडा वर. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं. तीननंतर तिरपं ऊन खिडकीतून पट्टीखाली शिरतं, फोटोट्रान्झिस्टर रेघेवरही चालू राहतो, म्हणजे काळंसुद्धा पांढरं वाचलं जातं. रोबोच्या लेखी रेघ संपली, तो सरळ जाणारच.

पट्टीच्या चारही बाजूंनी झालर लावा, जमिनीपासून १ मिमी वर. काळा कार्डपेपर डोळे झाकून घेऊ नका, काही काळे कागद इन्फ्रारेड परत फेकतात. आधी तो सेन्सरखाली धरून आकडा बघा. काळा फोम सहसा चालतो. पट्टीची उंची ३ ते ५ मिमी. टीसीआरटी५००० सेन्सरला सगळ्यात जास्त परावर्तन साधारण अडीच मिलिमीटरवर मिळतं, १० मिमी वर ठेवलात तर झालर लावूनही फरक पुसट होतो.

फ्लेक्सचं वेगळं दुखणं. डोळ्याला काळी दिसणारी प्रत्येक शाई इन्फ्रारेडला काळी नसते. टेपवर ८०० येणारा आकडा छापील रेघेवर ३०० येऊ शकतो. कोडमध्ये ५०० पेक्षा जास्त म्हणजे काळं असं पक्कं लिहिलेलं असेल तर तिथेच खेळ संपला. सुरुवातीला ४-५ सेकंद पट्टी रेघेवरून आडवी हलवायची, प्रत्येक सेन्सरचा वेगळा किमान-कमाल घ्यायचा आणि सगळं ० ते १००० मध्ये आणायचं. शिरपुरातल्या फ्लेक्सवाल्याकडून दोन-तीन मीटरचा तुकडा छापून घ्या आणि सराव त्यावरच करा. गुंडाळून आणा, घडी घातली तर घडीच्या उंचवट्यावर पट्टी घासते.

शिवाय कोडमध्ये सीरियलवर (यूएसबीने लॅपटॉपवर) आकडे छापणं चालू असेल तर बंद करा. ९६०० बॉडला (त्या पाठवण्याच्या वेगाला) एक अक्षर जायला जवळपास १ मिलिसेकंद लागतो, बफर भरला की पूर्ण लूप अडतो. ४३ मिमी चाक ६०० आरपीएमला सेकंदाला १.३५ मीटर जातं, म्हणजे १० मिलिसेकंद अडला तरी रोबो १३ मिमी आंधळा धावला.

यार्ड_भुसावळ

जळगावच्या भाऊंचं निदान बरोबर, पण बारा दिवसांवर फेरी असताना ड्रायव्हर बदलायला माझा विरोध आहे भो. नव्या ड्रायव्हरने त्याच पीडब्ल्यूएमला (मोटरचा जोर ठरवणाऱ्या आकड्याला) मोटर जास्त जोरात फिरेल, सगळं ट्यूनिंग पुन्हा. बक आणि कपॅसिटर लावा, रीसेट जाईल. वेग पडतो त्यावर साधा इलाज: सेलचे तीन जोड ठेवा, प्रत्येक फेरीआधी ताजा जोड घाला आणि सरावही ताज्या जोडावरच करा. बॅटरी मोजून कोडमधून भरपाई करता येते, पण नॅनोच्या ए० ते ए७ आठही पिना तुमच्या पट्टीने खाल्ल्यात.

पहिली फेरी हळू. पीडब्ल्यूएम १०० च्या आसपास, फक्त पूर्ण करायची. वेळ नोंदली गेली की दुसरीत जोर लावा. त्यासाठी तिथे लॅपटॉप उघडायला लागू नये, रोबोवरच छोटा स्लाइड स्विच ठेवा: एका बाजूला हळू, दुसऱ्या बाजूला जोरात. स्विचची तार डिजिटल पिनवर. ए६ आणि ए७ फक्त अ‍ॅनालॉग वाचतात, तिथे स्विच चालत नाही.

बॅगेत: तोच कोड टाकलेला दुसरा नॅनो, एक जादा एन२० मोटर, डेटा जाणारी यूएसबी केबल (बऱ्याच केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात), स्वस्त नॅनोसाठी सीएच३४० (त्याची यूएसबी चिप) चा सॉफ्टवेअर ड्रायव्हर लॅपटॉपमध्ये आधीच टाकलेला, मल्टिमीटर, मल्टिबोर्ड, ओलं फडकं. कोड अपलोड होत नसेल तर आर्डुइनो सॉफ्टवेअरच्या प्रोसेसर मेनूत ‘ओल्ड बूटलोडर’ निवडून बघा, दहापैकी बरेचदा तेच असतं. चाकाच्या रबरावर धूळ बसली की वळणात घसरतं, म्हणून प्रत्येक फेरीआधी फडकं. पुढच्या गोळीवाल्या कॅस्टरमध्ये केस अडकलेत का तेही बघा.

धुळे-मालेगाव-चांदवड असं गाडीने जाणार असाल तर रोबो डिकीत ठेवू नका. थ्रीडी प्रिंटचं पीएलए प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि आपल्याकडच्या उन्हात ढाब्यासमोर उभ्या बंद गाडीला तिथवर जायला वेळ लागत नाही. ग्लूगनने चिकटवलेली सेन्सर पट्टी त्याआधीच सुटेल, तिला दोन एम३ स्क्रू मारा. सेल सुटे नकोत, प्लास्टिकच्या डबीत.

तापीकाठ_लॅब

मनापासून आभार. बक लावला, जंपर काढला, आज चाळीस काटकोनांत एकदाही रीसेट नाही. ड्रायव्हर तोच ठेवतोय. फ्लेक्सवर काळ्याचा आकडा खरंच ३१० आला, टेपवर ८२० होता. आता एकच राहिलं: तुटलेल्या रेघेवर रोबो सरळ न जाता कधी कधी गर्रकन वळतो, काटकोन समजून.

गिरणाकाठचा_आयआर

कारण दोन्ही ठिकाणी शेवटी सगळे सेन्सर पांढरे होतात आणि तुमचा कोड तेवढंच बघतोय. फरक त्याआधीच्या क्षणात आहे. सेन्सर १ सेंमी अंतरावर असतील तर ३ सेंमी रेघेवर एका वेळी तीन, फार तर चार काळे. काटकोनावर पाच किंवा जास्त, आणि त्यात एका टोकाचा सेन्सर असतोच. असं दिसलं की बाजू आणि वेळ लिहून ठेवा, दिसत राहील तोवर वेळ ताजी करत राहा. लागोपाठ दोन वाचनांत दिसलं तरच धरा.

मग सगळं पांढरं झालं की बघा: ती नोंद गेल्या १०० मिलिसेकंदांतली असेल तर त्या बाजूला वळायचं, नसेल तर सरळ. सरळ किती वेळ? सेकंदाला अर्धा मीटर वेग असेल तर ५ सेंमीला १०० मिलिसेकंद लागतात. २०० पर्यंत वाट बघा, तरीही रेघ नाही मिळाली तर रेघ शेवटी ज्या बाजूला दिसली होती तिकडे शोधा. जोरातल्या स्विचला हे आकडे वेगाच्या प्रमाणात कमी करायला विसरू नका. आणि सरळ जाताना शेवटचं वळण मोटरींवर तसंच राहू देऊ नका, दोन्हींना सारखा पीडब्ल्यूएम द्या. तरी एका बाजूला ओढत असेल तर दोन मोटरींत फरक आहे. जी मागे पडते तिला ५-६ जास्त देऊन बघा.