हनिमूनला डिस्ने वर्ल्ड: तिथल्या फोटोग्राफरवर भरवसा ठेवावा का?

केतकी_शार्लट

नमस्कार मंडळी. डिसेंबरात सांगलीला लग्न झालं. ह्यांची सुट्टी लगेच संपली, त्यामुळे सत्यनारायण, जेजुरी आणि थेट विमान. हनिमून राहूनच गेला. आता मार्चमध्ये ऑरलँडोला डिस्ने वर्ल्डला जायचं ठरलंय.

लग्नाचे फोटो ढीगभर आहेत, पण प्रत्येकात मागे दहा नातेवाईक. फक्त आम्ही दोघं आहोत असा एकही धड फोटो नाही. म्हणून या वेळी फोटोंवर थोडा खर्च करायची तयारी आहे. विचारायचं असं की, ऑरलँडोतला एखादा फोटोग्राफर ठरवून त्याला पार्कात सोबत घेऊन जाता येतं का? की तिथल्याच फोटोपासवाल्यांकडून, म्हणजे डिस्नेच्या फोटोग्राफरांकडून, काढून घ्यावेत? त्यांचे सगळे फोटो एकदम मिळतात ते मेमरी मेकर घेणं परवडतं का? आणि एक दिवस नऊवारी नेसायची खूप इच्छा आहे, ती चालेल का? कोणी जाऊन आलं असेल तर मोकळेपणाने सांगा.

मेधा_टँपा

केतकी, आधी तुम्हा दोघांचं अभिनंदन! मी टँपाला राहते. भारतातून पाहुणे आले की त्यांना डिस्नेला न्यायचं काम आमच्याकडेच असतं, त्यामुळे हे सगळं पाठ झालंय.

बाहेरचा फोटोग्राफर डोक्यातून काढून टाक. परवानगीशिवाय पार्कात धंद्याची फोटोग्राफी करायला बंदी आहे. आणि खरं सांगू, गरजही नाही. डिस्नेचे स्वतःचे फोटोग्राफर चारही पार्कांत ठरलेल्या जागी उभे असतात. फोटो काढायचे पैसे पडत नाहीत. ते तुझा मनगटावरचा मॅजिकबँड किंवा डिस्नेच्या अ‍ॅपमधला कोड स्कॅन करतात आणि फोटो त्याच अ‍ॅपवरच्या, म्हणजे माय डिस्ने एक्सपीरियन्सवरच्या, तुझ्या खात्यात येतात. पैसे लागतात ते डाउनलोड करताना. एकेक फोटो विकत घेता येतो, नाहीतर मेमरी मेकर घेतलं की सगळेच आपले. स्पेस माउंटन, टॉवर ऑफ टेरर अशा राईडवरचे फोटोही त्यात येतात.

आता वेळेचं. मॅजिक किंगडम या पार्कातला कॅसल दक्षिणेकडे तोंड करून आहे. म्हणजे भर दुपारी त्याच्यासमोर उभं राहिलं की ऊन तोंडावर, डोळे बारीक आणि डोळ्यांखाली सावली. सकाळी हेच ऊन कडेने येतं आणि चेहरे छान उजळतात. पार्क उघडायच्या तासभर आधी गेटवर पोचा. कॅसलकडे जाणाऱ्या मेन स्ट्रीटवर वेळेच्या थोडं आधीच सोडतात. बाकीचे सगळे राईडकडे पळत असतात आणि कॅसलसमोर तेव्हा गर्दी नसते. राईड काय, दुपारीही मिळतील. हा अर्धा तास फोटोला द्या, अगदी ठरवून द्या.

फोटोग्राफरला सांगायचं की आमचा हनिमून आहे, घाई करू नका. मग ते एका फोटोवर थांबत नाहीत. चालत या म्हणतात, एकमेकांकडे बघा म्हणतात, लांबून अख्ख्या कॅसलसकट घेतात, जवळूनही घेतात. माझ्या भाचीला एकाने नुसतेच तळहात पुढे धरायला सांगितले. तेव्हा काही कळलं नाही. संध्याकाळी अ‍ॅप उघडलं तर तिच्या ओंजळीत टिंकर बेल उभी! हिरवा चुडा, विटत चाललेली मेंदी आणि मधे ती इवलीशी परी. भाचीच्या सासूबाईंनी तो फोटो मोठा करून दिवाणखान्यात लावलाय. त्याला मॅजिक शॉट म्हणतात. आपणहून विचारायचं, लाजायचं नाही.

निखिल_एडिसन

मेधाताईंचं पटतं, पण पैशांचंही बघा. मेमरी मेकर आगाऊ घेतलं तर १८५ डॉलर, ऐनवेळी २१०, असे दर मी बघितले होते. निघायच्या आधी अ‍ॅपवर पुन्हा बघून घ्या. आगाऊ घेतलेलं खरेदीनंतर ३ दिवसांनी लागू होतं, म्हणून निदान ३ दिवस आधी घ्या. एकाच दिवसापुरतंही मिळतं.

आम्ही काहीच विकत घेतलं नव्हतं. तेच फोटोग्राफर तुमच्या फोनवरही फोटो काढून देतात, नुसतं विचारायचं. ओळखीच्या बऱ्याच जणांना हे माहीत नसतं. शिवाय सेल्फी स्टिक नेऊ नका, २०१५ पासून बंदी आहे. बॅगेत मावेल असा छोटा ट्रायपॉड चालतो.

मेधा_टँपा

निखिल, दिवसाच्या फोटोंसाठी हे अगदी बरोबर आहे. पण रात्रीचं काय? दिवे लागलेला कॅसल आणि पुढे दोघं, हा फोटो फोनवर काढला की चेहरे काळपट येतात किंवा मागचा कॅसल पांढराफटक होतो. डिस्नेच्या फोटोग्राफरांकडे फ्लॅश असतो आणि हात बसलेला असतो. हनिमूनचा म्हणून एकच फोटो फ्रेम करायचा झाला तर मी तो रात्रीचा करेन. त्या एका फोटोसाठीसुद्धा पैसे द्यावेत असं माझं ठाम मत आहे. आतषबाजी संपल्यावर लगेच बाहेर पडू नका. सगळी गर्दी गेटकडे वळते, मेन स्ट्रीट मात्र बराच वेळ उघडा असतो.

केतकी_शार्लट

बापरे, किती माहिती! मेधाताई, दोघांनी वेगवेगळं मेमरी मेकर घ्यायचं का? आणि नऊवारीचं राहिलं.

मेधा_टँपा

एकानेच घ्यायचं गं. अ‍ॅपमध्ये एकमेकांना कुटुंबात जोडून फोटो शेअर करा. फोटो ४५ दिवसच राहतात, तेव्हा घरी आल्यावर पहिल्याच शनिवार-रविवारी उतरवून घ्या.

नऊवारी बिनधास्त नेस. जमिनीवर लोळणाऱ्या कपड्यांना मनाई आहे, मोठ्यांनी पात्रांचे पोशाख घालायलाही. पण काष्ट्याची नऊवारी घोट्याच्या वर राहते, आणि ते आपलं लुगडंच आहे, सोंग नव्हे. पायात कॅनव्हासचे बूट घाल, चालणं खूप असतं.

मात्र तो दिवस कॅसलसाठी ठेवू नकोस, अ‍ॅनिमल किंगडम पार्कला ठेव. तिथल्या एशिया भागात आनंदपूर नावाचं काल्पनिक गाव वसवलंय. महाराजा जंगल ट्रेकवर पडक्या राजवाड्याच्या भिंती आहेत, काचेपलीकडे वाघ. त्या भिंतींपुढे नऊवारी इतकी शोभते की बघत राहावं. वाटेवर फोटोग्राफर असेलच असं नाही, म्हणून निखिलने सांगितलेला ट्रायपॉड तिथे काढ. आणि एपकॉट पार्कात मार्चमध्ये फुलांचा उत्सव असतो, झाडं कापून केलेली मिकी-मिनी सगळीकडे. तिथे जपानच्या भागात तळ्याकाठी लाल तोरी कमान आहे, संध्याकाळी सातच्या सुमारास जा.

गेट पार केल्यावर गेस्ट रिलेशन्समध्ये 'हॅपिली एव्हर आफ्टर'चा बिल्ला फुकट मिळतो, तो दोघांनी लावा. फोटोग्राफरला मग वेगळं सांगावंही लागत नाही.