शब्दचर्चा : ‘मार्गाला लागणे’

रत्नागिरी

बारावीला अर्थशास्त्र शिकवते. गेल्या आठवड्यात फळ्यावर ‘विकसनशील देश : सामाजिक आणि आर्थिक प्रगतीचे मार्ग’ असं लिहिलं, तर मागच्या बाकावरच्या मुलाने विचारलं, “बाई, आमची आजी म्हणते ‘काका मार्गाला लागला’, तोच का हा मार्ग?” त्याला उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की आपल्यापाशी उत्तर नाही.

आमच्याच घरचं सांगते. थोरले काका मुंबईला गिरणीत गेले, ते मार्गाला लागले. चुलतभाऊ कुवेतला गेला, तोही मार्गाला लागला. आत्याचं लग्न झालं, ती मार्गाला लागली. माझे वडील मात्र घरीच राहिले. कातळात सुरुंग लावून खड्डे घेतले, माती भरली, कलमं लावली, आजीला शेवटपर्यंत सांभाळलं. ते मार्गाला लागले असं कोणी म्हणाल्याचं मला आठवत नाही. त्यांच्याबद्दल म्हणायचे, “तो घर सांभाळून आहे.”

म्हणजे आमच्या बोलीत प्रगती ही गावाबाहेर जाणाऱ्यालाच मिळते की काय? २००१ ला रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजार होती, २०११ ला ती १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गातही घट झाली. सगळ्या देशाची लोकसंख्या वाढत असताना आमची कमी झाली, आणि त्या जाण्याला आमच्या भाषेत चांगला शब्द आहे. हा शब्द तुमच्याकडे कसा वापरतात? आणि जो राहून वर आला त्याला तुमच्याकडे काय म्हणतात?

मालवण

ताई, आमच्याकडेही हाच अर्थ. “झील (मुलगा) मार्गाक लागलो काय?” हा प्रश्न म्हणजे नोकरी लागली का, आणि नोकरी म्हणजे मुंबई. गावातल्या गावात होडी घेतली तर “धंद्याक लागलो” म्हणतील. मार्ग आणि धंदा यांत पायरीचा फरक मानतात, हे मलाही खुपत आलंय.

पण ‘लागणे’ हे क्रियापद नीट बघा. ‘मार्गाला लागला’ म्हणजे भलं झालं. ‘वाट लागली’ म्हणजे वाटोळं झालं. ‘वाटेला लागला’ म्हणजे नुसता निघाला. मार्ग आणि वाट, अर्थ एकच, पण नशीब उलटं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे ‘देशोधडीला लागला’. तोही गावातूनच निघतो. बोचकं तेच, बोटीचा धक्का तोच. मागे घर शाबूत असेल आणि महिन्याला पैसे येणार असतील तर मार्ग, मागे काही उरलंच नसेल तर देशोधडी. माणूस आपण होऊन निघाला की त्याला ढकललं, हे आपल्या भाषेला कळतं. स्थलांतराच्या आकड्यांत हे दोघे एकाच रकान्यात बसतात.

लालबाग, मुंबई (गाव संगमेश्वर)

माझे आजोबा गिरणीत होते. गावकऱ्यांच्या खोलीत राहायचे, एका खोलीत पाळीपाळीने वीस-बावीस माणसं झोपायची. पगार झाला की मनीऑर्डर. टपालखात्याने ही सोय १८८० मध्ये सुरू केली आणि कोकणातल्या कितीतरी चुली तिच्यावर पेटल्या. फॉर्मच्या खालच्या कुपनावर दोन ओळी लिहायला जागा असायची. आजीने ती कुपनं पत्र्याच्या डब्यात ठेवली होती. “पावसाआधी कौलं चाळून घेणे. पोराला शाळेत घालणे.” बहुतेक कुपनांवर हेच दोन विषय.

आपण ‘मनीऑर्डरवर चालणारं कोकण’ असं जरा कमीपणाने बोलतो. पण त्या पैशातून शाळा झाली, हे मी विसरू शकत नाही. अडचण अशी की त्या पैशाने घर चाललं, गावाचा उद्योग उभा राहिला नाही. शेत आजी एकटी बघायची. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे अकराशेवीसच्या वर बायका आहेत. हा आकडा कुणी मुलींच्या सुदैवाचा म्हणून सांगितला की मला राग येतो. पुरुष निघून गेल्याचा तो आकडा आहे.

आणि जानेवारी १९८२ मध्ये गिरणी कामगारांचा संप झाला. तेव्हा आमच्या चाळीत शब्द उलटा फिरला. “मार्ग बंद झाला, आता गावाला जा.” ज्यांनी पंचवीस वर्षं गावाला पैसे पाठवले ते रिकाम्या हाताने गावाला आले. त्यांच्यासाठी ‘परतणे’ सोडून दुसरा शब्द कधी ऐकला नाही.

एक जोडतो. २०२५ च्या गणपतीच्या सुमारास ‘चाकरमानी’ ऐवजी सरकारी कागदांत ‘कोकणवासीय’ लिहावं, अशा सूचना दिल्याच्या बातम्या आल्या होत्या. ज्यांना ‘चाकर’ खटकतो त्यांचं म्हणणं मला समजतं. पण आमच्या घरी तो शब्द मानाने उच्चारला जायचा. मी तो सोडणार नाही.

दापोली

व्युत्पत्तीकडे वळू या, कारण ताईंनी फळ्यावर लिहिलेल्या शीर्षकात नुसती गंमत नाही, गांभीर्यही आहे.

‘विकास’ हा वि + कस् पासून. अर्थ उमलणे, उलगडणे. कळी विकसते. ती आपली आपण विकसते, तिला बाहेरून कोणी पाकळ्या ओढून उघडत नाही. मराठीत ‘विकसणे’ अकर्मक आहे. मग ‘विकास करणे’ आलं, मग ‘विकास आणणे’. आता ‘आमच्या गावात विकास आला नाही’ असं आपण एसटीबद्दल बोलावं तसं बोलतो. शब्द फुलासारखा होता, तो मालासारखा झाला.

‘विकसनशील’ बघा. शील म्हणजे स्वभाव, सवय. दानशील, सहनशील, तसा विकसनशील, ज्याचा उमलत राहण्याचा स्वभाव आहे तो. ‘विकसित’ मात्र भूतकाळी आहे, उमलून झालेला. शब्दार्थाने पाहिलं तर विकसनशील असणं जास्त चांगलं, आणि वर्गात आपण तो शब्द कमीपणाचा म्हणून शिकवतो. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी २० जानेवारी १९४९ च्या भाषणात ‘अल्पविकसित प्रदेश’ असा शब्दप्रयोग केला, आणि पुढे जगाची अशी विभागणी रूढ झाली. त्यानंतर कित्येक वर्षं दरडोई उत्पन्न हीच मोजपट्टी होती. पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांच्या साथीने १९९० मध्ये मानव विकास निर्देशांक आणला, त्यात उत्पन्नाबरोबर आयुर्मान आणि शिक्षण धरलं. वरची आजीची कुपनं पाहा. कौलं आणि शाळा. निवारा निर्देशांकात नाही, पण शाळा आहे, आणि आजोबांनी ती सांगितली ती त्याच्या कितीतरी आधी.

बचत गटाच्या पाट्यांवर ‘जीवनोन्नती अभियान’ हा शब्द दिसतो. इंग्रजी मूळ शब्दाचा सरळ अर्थ ‘उपजीविका’. कोणी तरी ‘जीवनोन्नती’ केला. उद् + नम्, खाली वाकलेलं वर उठणं. सरकारी मराठीला आपण नावं ठेवतो, पण इथे शब्द करणाऱ्याने पोटाच्या पुढचा विचार केलाय, असं मला मनापासून वाटतं.

देवगड

दापोलीच्या सरांनी फुलाचं सांगितलं, मी फळाचं सांगतो. आमच्याकडे ‘लागतं झाड’ म्हणतात. जमिनीच्या जाहिरातीत वाचलं असेल, ‘शंभर लागती कलमं’. लागतं म्हणजे फळ धरणारं. हापूसचं कलम पाच-सहा वर्षांनी लागायला सुरुवात होते, खरं उत्पन्न दहाव्या वर्षापासून. तोवर पाणी घाला, गुरांपासून राखा, वणव्यापासून राखा. ती दहा वर्षं जेवायचं काय? हा प्रश्न सुटल्याशिवाय गरीब माणूस कलम लावूच शकत नाही.

म्हणून १९९० ची रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना मला फार मोठी वाटते. खड्डे, रोपं, खतं, राखण यांचा खर्च सरकारने उचलला, आणि स्वतःच्याच जमिनीत राबल्याची मजुरी मिळाली. कोकणातल्या उघड्या वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर आंबा-काजू दिसतो त्यात तिचा मोठा वाटा आहे. कुणी ‘विकास आणला’ नाही, थांबायची ऐपत दिली. आमचे शेजारी त्यानंतर मुंबईहून घरी आले ते कायमचे.

पण एक बाजू सांगायची राहते. आता बागेत राखणीला नेपाळचे लोक आहेत. नेपाळच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे पाव हिश्शाइतकी रक्कम बाहेर गेलेल्या माणसांकडून येते. आमच्या बागेतला पोरगा दर महिन्याला फोनवरून घरी पैसे पाठवतो. त्याच्या आईच्या लेखी तो इथे, आमच्या देवगडात, मार्गाला लागलाय. जिथून आमची पोरं निघाली तिथेच.

अलिबाग

सगळ्यांचं वाचलं. राहणाऱ्याचा शब्द शोधताय, पण राहायला जमीन कोणाच्या नावावर होती तेही विचारा. खोताला, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदाराला, अर्धेल (पिकाचा अर्धा वाटा) घालून उरेल त्यावर कुळाने काय लावायचं? कलम लावलं तर झाड कोणाचं? आमच्या भागात चरी गावच्या शेतकऱ्यांचा संप १९३३ पासून जवळजवळ सहा वर्षं चालला, नारायण नागू पाटील पुढे होते. शेतकऱ्यांनी जमिनी ओस ठेवल्या, करवंदं-लाकूडफाटा विकून दिवस काढले, पण खोताच्या शेतात नांगर घातला नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं. कायदा १९४९ मध्ये झाला, कुळांना मालकी देणारा कृषकदिन १ एप्रिल १९५७.

तैवानमध्ये १९४९ मध्ये खंड, म्हणजे कुळाने मालकाला द्यायचा वाटा, पिकाच्या साडेसदतीस टक्क्यांवर आणला आणि १९५३ मध्ये जमीन कसणाऱ्याला दिली. कारखाने आणि निर्यात त्याच्या नंतर. तिथे हे काही वर्षांत पुरतं झालं, आमच्याकडे अजून सातबाऱ्यावर पंचवीस हिस्सेदार आणि अर्धे मुंबईत. दोन्हीकडे कायदा होता. फरक शेवटापर्यंत नेण्याचा.

शब्दाचं म्हणाल तर आमचा शब्द ‘कसणे’. कसेल त्याची जमीन. हा कृष् पासून, ‘विकसणे’ वेगळ्या धातूचा. तरी दोन्ही शेजारी ठेवून बघा. कसणाऱ्याला हक्क मिळाल्याशिवाय विकसणं कुठलं?

वेंगुर्ला

‘राहून वर आलेल्याला काय म्हणतात’ हा मूळ प्रश्न मागे पडलाय, म्हणून लिहिते.

आमच्या वाडीतल्या एका बाईंनी बचत गटाच्या कर्जावर काजूबी फोडायचं छोटं युनिट टाकलं. बी वाफवायची, कटरवर फोडायची, गर ड्रायरला लावायचा, मग साल सोलायची आणि प्रतवारी. अख्खा गर, पाकळी, कणी, प्रत्येकाचा भाव वेगळा. आधी आम्ही बी पोत्याने व्यापाऱ्याला घालायचो. आता बी इथेच फुटते. बी आणि गर यांच्या भावात जी तफावत आहे तेवढी मजुरी वाडीत राहते. आयव्हरी कोस्ट जगात सर्वांत जास्त काजू पिकवतो, आणि तरी त्यातली बरीचशी बी न फोडताच भारतात, व्हिएतनामला जाते. तिथले लोकही आता बी स्वतःच्या देशातच फोडायला बघतायत. ताई, हे तुमच्या वर्गात जरूर सांगा, कारण आमच्या बायकांना ‘मूल्यवर्धन’ हा शब्द कळत नाही, पण “बी विकायची की गर?” हे लगेच कळतं.

तर या बाईंबद्दल वाडी काय म्हणते? ‘ती मार्गाला लागली’ असं कोणीच म्हणत नाही, कारण बाईच्या बाबतीत त्याचा अर्थ लग्न. म्हणतात, “तिणा सात जणींक मार्गाक लायला.” तिने सात जणींना मार्गाला लावलं. क्रियापद सकर्मक झालं. मी हा प्रयोग गावात राहिलेल्या बाईसाठी पहिल्यांदा तिच्याबद्दलच ऐकला.

रत्नागिरी

सगळ्यांचे आभार. वेंगुर्ल्याचं वाचून मी वडिलांचा विचार करत बसले. त्यांच्या हाताखाली कलमं बांधायला शिकलेले तिघे आज स्वतःच्या रोपवाटिका चालवतात, तिघेही इथेच, दोन कोसांच्या आत. त्यांनी तिघांना मार्गाला लावलं, असं म्हणता येतं. मला इतकी वर्षं हे वाक्य सुचलंच नव्हतं. आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, “मग? लावलंच की.”

त्या मुलाला सोमवारी उत्तर देईन. फळ्यावर लागणे आणि लावणे दोन्ही लिहीन, आणि देशोधडीही लिहीन. काजूच्या बीचं उदाहरण त्यालाच समजावून सांगायला लावते, त्याच्या घरी झाडं आहेत.

एक विचारायचं राहिलं. मुलीचं शिक्षण पूर्ण होऊन तिला नोकरी लागली, लग्न अजून व्हायचंय, तर तुमच्या गावात तिला ‘मार्गाला लागली’ म्हणतात का? आमच्याकडे गेल्या चार-पाच वर्षांत एकदोनदा कानावर आलंय. चिपळूण, राजापूर, सावंतवाडीकडचं कोणी सांगेल का?

राजापूर

म्हणतात. आमच्या भाचीला परिचारिकेची नोकरी लागली, तेव्हा वहिनीच म्हणाली. पण लगेच पुढे म्हणाली, “आता एक स्थळ बघा.”