बंद पडलेलं इंजिन उघडून पाहिलंत का? (अनुभव धागा)

गवत कापायचं यंत्र, ब्रश कटर, चेन सॉ, फवारणी पंप, टिलर, जनरेटर. सगळ्यांत एक लहानसं पेट्रोल इंजिन असतं आणि एक दिवस खांदा दुखेपर्यंत दोरी ओढली तरी ते दाद देत नाही. मग दोन सल्ले हमखास येतात. एक, 'टाका हो, नवं घ्या.' दुसरा, 'पिस्टन-रिंग बदलली की झालं.' दोन्ही सल्ले देणाऱ्यांनी इंजिन उघडलेलं नसतं. म्हणून हा धागा. तुमच्या इंजिनाचं नक्की काय गेलं, ते कशावरून कळलं, आणि दुरुस्त केलंत की बदललंत, हे लिहा. अमकी कंपनी चांगली की तमकी, हा वाद इथे नको, त्याला अंत नाही.

सुरुवात माझ्या ब्रश कटरने करते. टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच तेल मिसळून चालणारं. काम चालू असताना रेस आपोआप चढली, आवाज किंचाळल्यासारखा झाला आणि बंद. गार झाल्यावर दोरी ओढली तर अगदी हलकी आली, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) नावालाही नाही. सायलेन्सरचे बोल्ट काढले की एक्झॉस्टच्या खिडकीतून पिस्टन थेट दिसतो. एवढं काम कोणालाही जमण्यासारखं आहे आणि निम्मा निकाल तिथेच लागतो. पिस्टनवर उभे ओरखडे, रिंग खाचेत चिकटलेली. मिस्त्री म्हणाले, तेल न मिसळता नुसतं पेट्रोल घातलंय. मिश्रण ५०:१ चं, म्हणजे लिटरला २० मिली तेल, मोजूनच केलेलं होतं, त्यामुळे मी काही ते मान्य करेना.

सिलिंडर काढल्यावर चित्र स्पष्ट झालं. पिस्टनची फक्त एक्झॉस्टकडची बाजू खरवडलेली होती, कार्बोरेटरकडची गुळगुळीत. तेलच नसतं तर ओरखडे बहुधा चहूबाजूंनी दिसले असते. धूळ आत गेली असती तर आधी कार्बोरेटरकडची बाजू झिजली असती. एक्झॉस्टकडची बाजू मुळातच सगळ्यात गरम, त्यामुळे इंजिन कुठून तरी जादा हवा ओढू लागलं की पहिला मार तिथेच बसतो. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलबरोबरच येतं. हवा वाढली की मिश्रणातलं पेट्रोल कमी, म्हणजे तेलही कमी, आणि उष्णता मात्र जास्त. रेस आपोआप चढली होती ती याचमुळे. कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधल्या रबरी जोडाला चीर होती, वाकवून पाहिल्याशिवाय दिसत नव्हती.

सिलिंडरच्या आतला कठीण लेप शाबूत होता. त्यावर चिकटलेलं पिस्टनचं ॲल्युमिनियम बारीक पॉलिश पेपरने निघालं. नवा पिस्टन, रिंग, गॅस्केट, रबरी जोड, आणि उघडलंच आहे म्हणून क्रँकची (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याची) दोन्ही ऑइल सील. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टच्या दिशेला. मिस्त्रींचं ऐकून नुसता पिस्टन बदलला असता तर त्या चिरेने तोही खाल्ला असता.

*

लॉन मोअर. भाच्याच्या हातून पातं झाडाच्या खुंटावर आदळलं आणि इंजिन जागीच थांबलं. त्यानंतर प्लगला करंट येतोय, पेट्रोल येतंय, कॉम्प्रेशन आहे, पण चालू होत नाही, उलट दोरी हातातून हिसकावून घेते. दोघांनी सांगितलं, नवं इंजिन टाका. तिसऱ्याने पुलर लावून मॅग्नेट (ठिणगीसाठी चुंबक बसवलेलं चाक) काढला. मॅग्नेट आणि क्रँक यांच्यामध्ये मऊ धातूची एक छोटी चावी असते, ती अर्धी कापली गेली होती. मॅग्नेट जरासा फिरला की ठिणगी भलत्याच वेळी पडते. चावी बदलली, मॅग्नेटचा नट घट्ट केला, पहिल्या दोरीत चालू.

*

वरच्यांचं नशीब म्हणायचं. आमच्याकडे असंच पातं दगडावर बसलं, चावीही बदलली, इंजिन चालू झालं, पण थरथर एवढी की हँडल धरवेना. क्रँक वाकला होता. तपासणं सोपं आहे: प्लग काढायचा, पातं काढायचं, दोरी हळू ओढायची आणि शाफ्टच्या टोकातल्या बोल्टच्या भोकाकडे बघायचं. ते जागच्या जागी न फिरता गोल गोल डोलत असेल तर निकाल लागला. ठोकून सरळ करून देतो म्हणणारे भेटतात. त्यांना नमस्कार करा. वाकलेल्या शाफ्टला चीर पडलेली असू शकते आणि त्याच्या टोकाला वेगाने फिरणारं पातं असतं. आम्ही इंजिनच बदललं.

*

मी हाच धंदा करतो, म्हणून जरा चिडून लिहितो. 'इंजिन गेलं' म्हणून आणलेल्या यंत्रांपैकी बऱ्याच यंत्रांचं इंजिन गेलेलं नसतं. थोडा वेळ चालून बंद पडतंय आणि टाकीचं झाकण सैल केल्यावर फुस्स आवाज येऊन पुन्हा चालू होतंय? झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. टू-स्ट्रोकची ताकद हळूहळू गेलीय? सायलेन्सरच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते, ती काजळीने भरलेली असणार. करंटच नाही? कॉइल बदलण्याआधी बंद करायच्या स्विचची वायर कॉइलपासून काढून बघा. कुठे तरी घासून बॉडीला टेकली असेल तर इंजिन बिचारं हुकूम पाळत बंद बसतं.

कॉम्प्रेशन मोजा, पण आकडा समजून घ्या. टू-स्ट्रोक १०० पीएसआयच्या (दाबाचं एकक) खाली गेलं की त्रास सुरू होतो. १२० च्या वर असेल तर पिस्टनकडे बोट दाखवू नका. फोर-स्ट्रोकला (ज्यात ऑइल वेगळं भरतात) मात्र हा मीटर फसवतो. दोरी हलकी जावी म्हणून त्यांच्या वॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टवर डीकॉम्प्रेशनची सोय असते, ती सावकाश फिरताना एक्झॉस्ट वॉल्व्ह किंचित उघडा ठेवते. त्यामुळे चांगल्या इंजिनाचाही आकडा कमी येतो. तिथे बाहेरून हवा भरून ती कुठून गळतेय ते ऐकायचं. कार्बोरेटरमधून येते की सायलेन्सरमधून, की ऑइल भरायच्या तोंडातून. शेवटचं असेल तर रिंग गेली, पहिली दोन असतील तर वॉल्व्ह.

टॅपेट, म्हणजे वॉल्व्हची फट, तर कोणी तपासतच नाही. होंडाच्या जीएक्स१६० ला थंड इंजिनावर इनलेट ०.१५ मिमी आणि एक्झॉस्ट ०.२० मिमी, फिलर गेज घालून. फट कमी झाली तर गरम झाल्यावर वॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. फार वाढली तर डीकॉम्प्रेशन काम करत नाही आणि दोरी दगडासारखी लागते.

*

चेन सॉ. सिलिंडरचा लेपच उडाला होता, आतलं ॲल्युमिनियम उघडं पडलेलं. स्वस्तातला सिलिंडर-पिस्टन संच मागवला, त्याच्या पोर्टच्या कडा इतक्या धारदार की रिंग अडकून तुटली. दुसऱ्यांदा त्यात पैसा घालायची इच्छा राहिली नाही. बॅटरीवरची करवत घेतली. धाग्याचा सूर दुरुस्तीकडे झुकतोय म्हणून ही विरोधी नोंद.

*

सहमत. सुटे भाग मिळेनासे झाले की प्रश्नच मिटतो.

*

एक शंका. फोर-स्ट्रोक पंप बरेच दिवस उभा होता. आता दोरी अर्ध्यात अडकते, जोर लावला तरी पुढे जात नाही. पण प्लग काढला की सहज फिरतं. सीझ झालंय का?

*

सीझ झालेलं इंजिन प्लग काढला तरी फिरत नाही. तुमच्या सिलिंडरमध्ये पेट्रोल भरलंय, आणि द्रव दाबला जात नाही म्हणून पिस्टन अडतो. कार्बोरेटरमधल्या फ्लोटची सुई नीट बसत नाही आणि टाकीचा कॉकही उघडाच राहिला असणार. प्लग काढून, स्विच बंद ठेवून, प्लगच्या भोकासमोर तोंड न ठेवता दोरी ओढा, पेट्रोल बाहेर उडेल. आसपास आग-सिगारेट नको. पण चालू करायची घाई करू नका, आधी ऑइलची काडी काढून वास घ्या. पातळी वर चढली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर सगळं ऑइल ओतून टाका.

हे एवढ्या कळकळीने सांगतोय कारण आमच्या टिलरचा घास यानेच घेतला. भाड्याने नेणाऱ्याने तसाच पातळ ऑइलवर चालवला. अशा बऱ्याच लहान इंजिनांत ऑइल पंप नसतो. कनेक्टिंग रॉडच्या खालचं एक बोट ऑइलमध्ये बुडून ते उडवतं, तेवढंच वंगण. रॉड ॲल्युमिनियमचा, थेट क्रँकवर बसलेला, मध्ये वेगळं बेअरिंग नाही. ऑइल पातळ झालं किंवा उतारावर यंत्र कललेलं ठेवून बोटाला ऑइल मिळेनासं झालं की रॉड आधी क्रँकला चिकटतो, मग तुटतो. आमचा तुटून ब्लॉकला भोक पाडून बाहेर आला. त्यावर दुरुस्ती कसली, इंजिन बदललं. फ्लोटची सुई खराब झालेला जुना कार्बोरेटर 'चांगला आहे, नव्याला लावा' म्हणून देऊ करणाऱ्याला मात्र घरी पाठवलं.

*

नवं इंजिन मागवणाऱ्यांसाठी: सीसी आणि हॉर्सपॉवर बघून ऑर्डर देऊ नका. आधी शाफ्ट आडवा की उभा, त्याचा व्यास, लांबी, चावीची खाच, टोकाला आटे आहेत की नाहीत, आणि खालच्या चार बोल्टमधलं अंतर मोजा. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी. हा शाफ्ट आणि २० मिमीचा शाफ्ट डोळ्यांना सारखेच दिसतात. पुली २० ची असेल तर पाऊण इंचावर डगडगते, आणि उलट असेल तर चढतच नाही. व्हर्नियर वापरा.

*

जनरेटरवाल्यांनी आणखी एक बघायचं. अनेक लहान जनरेटरांचा शाफ्ट निमुळता असतो, त्यावर रोटर (जनरेटरचा फिरता भाग) बसतो आणि आरपार एक लांब बोल्ट त्याला धरतो. सरळ शाफ्टचं इंजिन कितीही चांगलं असलं तरी तिथे निरुपयोगी.

बसलं, तरी काम संपत नाही. दोन पोलच्या जनरेटरला ५० हर्ट्झसाठी मिनिटाला ३००० फेरे लागतात, ६० हर्ट्झसाठी ३६००. आमचं नवं इंजिन ३६०० वर सेट होऊन आलं होतं आणि घरातली वीज ५० हर्ट्झची. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा काही जोडलं नव्हतं, फक्त मीटर लावला होता. फ्रिक्वेन्सी साठच्या वर आणि व्होल्टेजही चढलेलं. गव्हर्नरच्या (इंजिनाचे फेरे आवरणाऱ्या यंत्रणेच्या) स्प्रिंगचा ताण कमी करून बिनलोड ५२ हर्ट्झच्या आसपास आणलं, म्हणजे लोड पडल्यावर ते ५० च्या जवळ उतरतं. स्क्रू पुन्हा हलू नये म्हणून त्यावर रंगाचा ठिपका दिला, आणि मगच फ्रिज जोडला.