१९६९ साली चिंतामणराव देशमुख राष्ट्रपतिपदाला उभे राहिले, ते बरोबर होतं का?

महाडकर
१९६९च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीचा विषय निघाला की सगळे जिंकलेले अपक्ष व्ही. व्ही. गिरी आणि काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी यांच्यावरच बोलतात. तिसरे उमेदवार चिंतामणराव देशमुख होते. मराठी माणूससुद्धा त्यांचं नाव एका वाक्यात आटोपतो, याचं मला फार वाईट वाटतं. रायगडाजवळच्या नाते गावात जन्म, १९१८ साली आयसीएसच्या (ब्रिटिश काळातल्या सनदी सेवेच्या) परीक्षेत पहिले, १९४३मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५०पासून सहा वर्षं अर्थमंत्री.

पण त्या तिघांत मला तेच लायक वाटतात ते विद्वत्तेमुळे नव्हे. १९५६मध्ये मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवायचं ठरलं. हा निर्णय मंत्रिमंडळात विचारविनिमय न करता घेतला, अशी त्यांची तक्रार होती. मुंबईतल्या गोळीबाराची चौकशी करायलाही सरकार तयार नव्हतं. चिंतामणरावांनी लोकसभेत उभं राहून नेहरूंना हे सुनावलं आणि खुर्ची सोडली. पंतप्रधानांना तोंडावर ‘नाही’ म्हणणारा राष्ट्रपती मिळाला असता आपल्याला. आणीबाणीच्या कागदावर त्यांनी सही केली असती का, सांगा.

सुमेधा
महाडकर, आणीबाणीचं उदाहरण इथे बसत नाही. १९६९ला निवडून आलेल्या राष्ट्रपतींची मुदत ऑगस्ट १९७४मध्ये संपली. आणीबाणीच्या कागदावर सही फक्रुद्दीन अली अहमद यांची आहे.

तुमचा प्रश्न सप्टेंबर १९७०ला लावून बघा. संस्थानिकांना सरकारकडून मिळणारे तनखे बंद करणारं विधेयक राज्यसभेत अगदी थोडक्यात पडलं, आणि लगेच राष्ट्रपती गिरींच्या हुकमाने संस्थानिकांची मान्यताच काढून घेतली गेली. संसदेने जे मंजूर केलं नाही ते एका सहीने झालं. सर्वोच्च न्यायालयाने त्याच डिसेंबरात तो हुकूम रद्द केला. पुढे एप्रिल १९७३मध्ये तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून अजितनाथ राय सरन्यायाधीश झाले, तेव्हाही राष्ट्रपती गिरीच. तनखे जावेत असंच माझंही मत आहे. पण चिंतामणरावांनी सही करण्याआधी पंतप्रधानांना बोलावून चार प्रश्न विचारले असते, एवढं मी छातीठोकपणे म्हणेन.

गिरणगावकर
तत्त्वासाठी मंत्रिपद सोडणारे एकटे चिंतामणराव नव्हते. बँक कर्मचाऱ्यांच्या पगाराबद्दल कामगार अपील न्यायाधिकरणाने दिलेला निवाडा सरकारने १९५४ साली बदलला, तोही कर्मचाऱ्यांच्या विरोधात. तेव्हा कामगारमंत्री गिरींनी राजीनामा दिला. त्या सरकारात अर्थमंत्री कोण होते? चिंतामणराव! रेल्वे कामगारांच्या युनियनमधून वर आलेल्या माणसाला तुम्ही इथे नुसता सह्याजी ठरवताय, ते मला मान्य नाही.

माझे आजोबा गिरणीत होते. १९५६च्या राजीनाम्याबद्दल आमच्या घरात चिंतामणरावांचं नाव आदरानेच घेतलं जायचं, आजही घेतलं जातं. पण १९६९ला त्यांच्यामागे होते राजाजींचा स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ. १९ जुलैला चौदा बँका सरकारच्या ताब्यात आल्या, मतदान १६ ऑगस्टला झालं. स्वतंत्र पक्षाने बँकांच्या राष्ट्रीयीकरणाला कडाडून विरोध केला होता. बँकेतला पैसा कुणाच्या कामी यावा हाच त्या महिन्यातला खरा प्रश्न होता, आणि चिंतामणराव विरोधकांच्या तंबूत दिसले.

निरंजन
तंबू कुणाचाही असो, माणसाचं काम बघा. रिझर्व्ह बँक १ जानेवारी १९४९ला सरकारच्या मालकीची झाली तेव्हा गव्हर्नर देशमुख. १९५५ला इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली तेव्हा अर्थमंत्री देशमुख. आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण १९ जानेवारी १९५६ला वटहुकमाने झालं, त्याची घोषणा रात्री रेडिओवरून त्यांनीच केली. वारसाहक्काने मिळणाऱ्या संपत्तीवरच्या कराचा १९५३चा कायदाही त्यांच्याच कारकिर्दीतला. सावकारी भांडवलाचा कैवारी असं करतो?

गिरणगावकर
निरंजनराव, यातलं एकही मी नाकारत नाही. म्हणून तर जास्त टोचतं. ज्या पक्षांना आपलं आयुष्यभराचं काम मान्य नाही, त्यांचा पाठिंबा घ्यायचाच कशाला?

सुमेधा
मतमोजणी बघितली की गिरणगावकरांचं म्हणणं अर्धं पटतं. पहिल्या पसंतीची मतं: गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. निवडून यायला लागणारा मतांचा कोटा कुणीच गाठला नाही. दुसऱ्या पसंतीनंतर गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. म्हणजे बाद झालेल्या उमेदवारांकडून रेड्डींना जवळजवळ ९२ हजार मतं मिळाली आणि गिरींना साडेअठरा हजार. यातली बहुतेक मतं देशमुखांच्याच गठ्ठ्यातली, कारण बाकीच्या किरकोळ उमेदवारांकडे देण्यासारखं फार नव्हतंच. काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा हीच दुसरी पसंती रेड्डींसाठी मागायला स्वतंत्र आणि जनसंघाच्या नेत्यांकडे गेले होते. चिंतामणराव निवडून यावेत असं त्यांना उभं करणाऱ्यांना तरी वाटत होतं का? मला शंका आहे. असल्या हिशेबात त्यांचं नाव वापरलं गेलं, याचा मला राग येतो. त्यांनी ते वापरू दिलं, याचाही थोडा येतो.

महाडकर
आणीबाणीबद्दल सुमेधाताई बरोबर आहेत, माझी चूक. गिरींच्या राजीनाम्याचा मुद्दाही मला माहीत नव्हता. दोघांनी एकाच पंतप्रधानांच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडून पुन्हा एकाच पदासाठी समोरासमोर यावं, हे वाचून मी बराच वेळ थांबलो.

पण पाठिंबा घेतला म्हणजे माणूस विकला गेला, हे मला पटत नाही. गिरीसुद्धा अपक्षच होते आणि त्यांच्यामागे इंदिरा गांधी होत्या. आणि आपण मराठी लोकांनी काय केलं? २००७ला शिवसेनेने भाजपबरोबरची युती बाजूला ठेवून प्रतिभाताई पाटील यांना मतं दिली, केवळ त्या मराठी म्हणून. १९६९च्या जुलैत बंगळूरला काँग्रेसचा उमेदवार ठरवणाऱ्या संसदीय मंडळात यशवंतराव चव्हाणांनी मत दिलं ते रेड्डींना. मुंबईसाठी अर्थमंत्रिपद सोडून आलेल्या माणसाला शेवटी राजाजींच्या पक्षाचा आणि जनसंघाचा आधार घ्यावा लागला, यात दोष सगळा त्यांचाच कसा?