शाळेतले वाचन उपक्रम : सातारा-सांगलीकडचे अनुभव

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची जयंती, म्हणजे १५ ऑक्टोबर, २०१५ पासून राज्यात वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरी होते. त्या दिवशी प्रत्येक वर्गात पुस्तके उघडली जातात, पण पुढच्या आठवड्यात त्यांचे काय होते, हा प्रश्न मला अनेक वर्षे सतावतो आहे. सातारा-सांगली परिसरातील शिक्षक आणि पालकांनी आपल्या शाळेतला एखादा वाचन उपक्रम, साधलेला असो वा फसलेला, येथे सविस्तर लिहावा, ही विनंती. आरंभ माझ्यापासून करते.

शिक्षिका, कराड
पाचवीच्या वर्गाला मी दिवाळीपर्यंत पन्नास पुस्तके वाचण्याचे आव्हान दिले होते आणि भिंतीवर तक्ता लावून प्रत्येक पुस्तकामागे एक चांदणी चिकटवत होते. महिन्याभरात मुले पेटीतली सर्वांत बारीक पुस्तके शोधू लागली आणि वहीत मलपृष्ठावरचा मजकूर उतरवून आणू लागली. एक मुलगी मात्र एकच जाड कादंबरी सावकाश, मन लावून वाचत होती, त्यामुळे तक्त्यावर ती शेवटी राहिली. एके दिवशी तिने ती कादंबरी अर्धवट परत केली आणि आठ पानांचे चित्रमय पुस्तक मागितले. त्या दिवशी मी तक्ता काढून टाकला. वाचनाची गोडी असलेल्या मुलीची गोडी माझ्याच उपक्रमाने घालवली, याचे मला आजही वाईट वाटते.
त्यानंतर परिपाठाला जोडून पाच मिनिटे राखून ठेवली. एक मूल आवडत्या पुस्तकातले पान मोठ्याने वाचते आणि गोष्ट ऐन रंगात आली की थांबते. पुढे काय झाले, हे ज्याला जाणून घ्यायचे असेल त्याने ते पुस्तक न्यायचे. मधल्या सुट्टीत त्या एका पुस्तकासाठी वाद होतात, आणि तो वाद मिटवण्याचे काम मी आनंदाने करते.

पालक, सांगली
चांदण्यांचा तक्ता सर्वच मुलांना मारक ठरतो, असे मात्र मला वाटत नाही. माझा मुलगा पुस्तकाला हातही लावत नसे. शाळेने एकवीस दिवस रोज वीस मिनिटे मोठ्याने वाचण्याचा उपक्रम दिला, ऐकणाऱ्याने वहीत सही करायची होती. आम्ही दोघे कामावरून उशिरा येत असल्याने ऐकण्याचे काम आजीकडे गेले. त्यांना लिहिता-वाचता येत नसल्याने वहीत अंगठा उमटू लागला. वर्गशिक्षकांनी तो मान्य केला, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. एकवीस दिवस संपले तरी आजी संध्याकाळी चष्मा आणि पुस्तक त्याच्यापुढे आणून ठेवतात. चष्मा कशासाठी, हे आम्ही विचारत नाही.

शिक्षक, जत तालुका
आमच्या शाळेचे माध्यम मराठी असले तरी निम्म्या मुलांच्या घरी कन्नड बोलली जाते. ही मुले मराठी पुस्तक अडखळत वाचत आणि लाजून बाजूला ठेवत. मग आम्ही वाचलेली गोष्ट आधी कन्नडमध्ये सांगण्याची मुभा दिली, आणि गप्प बसणारी मुले हातवारे करून बोलू लागली. गोष्ट समजल्याचा विश्वास आला की मराठी वाक्ये त्यांना तितकी परकी वाटत नाहीत.

शिक्षक, वाई
महाबळेश्वर तालुक्यातील भिलार हे ४ मे २०१७ पासून पुस्तकांचे गाव म्हणून ओळखले जाते. तेथे गावकऱ्यांच्या घरांतून विषयवार पुस्तके मांडलेली असून ती कोणालाही तेथेच बसून विनामूल्य वाचता येतात. पहिल्या सहलीत मी मुलांना दहा घरांतील दहा पुस्तकांची नावे टिपून आणायला सांगितले, आणि ती दिवसभर एका घरातून दुसऱ्या घरात पळत राहिली. पुढच्या वर्षी एकच सूचना दिली : आवडेल त्या एका घरात बसा. दोन मुले निघताना पान संपेपर्यंत उठेनात, म्हणून गाडी अर्धा तास थांबवली.

मुख्याध्यापिका, तासगाव
आमचे कपाट पुस्तके हरवतील या भीतीने कुलूपबंद असे. दोन वर्षांपूर्वी किल्ली सातवीच्या मुलींकडे दिली. वर्षअखेरीस चार पुस्तके कमी भरली, पण इतर अनेक पुस्तकांच्या कडा मळल्या होत्या आणि बांधणी सैल झाली होती. ती डकवण्यासाठी मुलींनीच खळ शिजवून आणली.