जूडी गार्लंड यांच्याविषयी काय सांगावे?

प्रश्न (खानापूर): आमच्या वाचनालयात मला अमेरिकन गायिका-अभिनेत्री जूडी गार्लंड यांच्यावर बोलायचे आहे. १९३९च्या ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ या चित्रपटापलीकडे कशावर भर द्यावा?

उत्तर (निपाणी): २३ एप्रिल १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये झालेल्या मैफलीवर. त्या मैफलीच्या ध्वनिमुद्रिकेला वर्षातील सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी हे अमेरिकन संगीत पारितोषिक मिळाले आणि हा मान मिळवणाऱ्या गार्लंड पहिल्या स्त्री ठरल्या. संगीत नाटकावर वाढलेल्या आपल्या सीमाभागातील श्रोत्यांना, गाता गाता भूमिका उभी करणारा हा आवाज नक्कीच भिडेल.

उत्तर (बेळगाव): सहमत आहे, तरीही १९५४चा ‘अ स्टार इज बॉर्न’ कृपया वगळू नका. १९५०मध्ये एमजीएम या हॉलिवूडच्या चित्रपटसंस्थेशी संबंध तुटल्यानंतर त्या याच चित्रपटातून पडद्यावर परतल्या, आणि माझ्या मते अभिनय व गायन इतके एकजीव त्यांच्याकडूनही पुन्हा झाले नाही.